बुट्टूनं तोंड उघडलं

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा! मला काय दुसरा उद्योग नाही? पोरं पहिल्यांदाच आजोळी निघालीत, वाटेत किरकिर करतील, म्हणून म्हाताऱ्यानं गोष्ट सांगायची. बरं. एकदाच सांगीन. नीट बसा. नाक पुसा. ऐका.

एक होती चिचुंद्री. एवढीशी. लांब नाक, बारके डोळे. अंगाला वास यायचा. येऊ दे. तुमच्याही येतो, अंघोळ नाही केली की.

तिला चार पोरं. ठमी, घोटू, रंगी आणि सगळ्यांत धाकटा बुट्टू.

एके दिवशी चिचुंद्री म्हणाली, "चला रे, आजोळी जाऊ. आजी-आजोबांनी तुम्हाला अजून पाहिलंसुद्धा नाही."

आजोळ होतं लांब. गुऱ्हाळात. गुऱ्हाळ म्हणजे जिथं उसाचा रस उकळून गूळ करतात ना, ते. भरपूर गूळ. आधी गोष्ट, मग गूळ.

आता चिचुंद्रीची पोरं कशी चालतात, ठाऊक आहे? हात धरून नाही. ठमीनं आईची शेपटी दातात धरायची. घोटूनं ठमीची. रंगीनं घोटूची. बुट्टूनं रंगीची. झाली गाडी!

"वाटेत तोंड उघडायचं नाही," आई म्हणाली. "काय विचारायचं ते पोचल्यावर विचारा."

"उं उं उं उं," पोरं म्हणाली. तोंडात शेपट्या. दुसरं काय म्हणणार?

निघाली गाडी. तुरुतुरु, तुरुतुरु.

एक बांध गेला. तुरुतुरु, तुरुतुरु.

दुसरा बांध गेला. बुट्टूला राहवेना. त्यानं तोंड उघडलं.

"आलं का आजोळ?"

सुटली शेपटी! गडगड गडगड, टुप्प! बुट्टू पडला खड्ड्यात.

खड्डा होता म्हशीच्या खुराचा. चिखलात उमटलेला, वाळून कडक झालेला. बुट्टूला काही लागलं नाही. आई मागं वळली. तेवढ्यात आली म्हैस. तिला खड्डा दिसला नाही. बुट्टू दिसला नाही. बसली तिथंच. धप्प!

खालून बारीक आवाज आला, "आलं का आजोळ?"

चिचुंद्री रडली नाही. रडून म्हैस उठत नाही. ती गेली थेट म्हशीच्या नाकासमोर. मागं तीन पोरं.

"म्हशीबाई, म्हशीबाई, ऊठ की!
म्हैस उठली की बुट्टू सुटेल,
बुट्टू सुटला की आजोळ गाठू!"

म्हैस म्हणाली, "मी नाही उठायची. पाठीला गोचीड चावतात. बगळा येऊन टिपेल, तर उठेन." आणि लागली रवंथ करायला. कचर कचर, कचर कचर.

"बुट्टू, घाबरू नको," आई खाली ओरडली. "मी गेले आणि आले."

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली बगळ्याकडे. बगळा एका पायावर उभा. मोठा साधू लागून गेला.

"बगळेदादा, बगळेदादा, ये की!
बगळा आला की म्हैस उठेल,
म्हैस उठली की बुट्टू सुटेल,
बुट्टू सुटला की आजोळ गाठू!"

बगळा म्हणाला, "मी नाही यायचा. भुई तापली. पाय भाजतात. पाट वाहील, पाय गार होतील, तर येईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली पाटाकडे. पाट कोरडा ठणठणीत. थेंब नाही पाण्याचा.

"पाटदादा, पाटदादा, वाहा की!
पाट वाहिला की बगळा येईल,
बगळा आला की म्हैस उठेल,
म्हैस उठली की बुट्टू सुटेल,
बुट्टू सुटला की आजोळ गाठू!"

पाट म्हणाला, "मी नाही वाहायचा. वाहू कशानं? कपाळानं? विहिरीवरची मोटर चालेल, तर वाहीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली मोटरीकडे. मोटर गप्प. डोक्यावर गोणपाट.

"मोटरबाई, मोटरबाई, चाल की!
मोटर चालली की पाट वाहेल,
पाट वाहिला की बगळा येईल,
बगळा आला की म्हैस उठेल,
म्हैस उठली की बुट्टू सुटेल,
बुट्टू सुटला की आजोळ गाठू!"

मोटर म्हणाली, "मी नाही चालायची. तात्या उठून बटण दाबील, तर चालेन. आपल्या मनानं चालायला मी काय बैल आहे?"

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली तात्याकडे. धुळाप्पा तात्या बाजेवर आडवा. तोंडावर टोपी. घुर्र, फूस. घुर्र, फूस.

"धुळाप्पा तात्या, धुळाप्पा तात्या, उठा की!
तात्या उठला की मोटर चालेल,
मोटर चालली की पाट वाहेल,
पाट वाहिला की बगळा येईल,
बगळा आला की म्हैस उठेल,
म्हैस उठली की बुट्टू सुटेल,
बुट्टू सुटला की आजोळ गाठू!"

टोपीखालून तात्या म्हणाला, "मी नाही उठायचा. चहा उकळेल, तर उठेन. सकाळपासून घसा कोरडा पडलाय. म्हाताऱ्याला कोण विचारतं?"

ते मात्र खरं बोलला.

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली चुलीपाशी. तिथं होती तात्याची बायको, तुळसाक्का. चिचुंद्री बघून तिनं केरसुणी उचलली. आणि ठेवून दिली. तिची सासू सांगून गेली होती, चिचुंद्री घरात आली तर मारू नये, बरकत येते.

"तुळसाक्का, तुळसाक्का, चहा उकळा की!
चहा उकळला की तात्या उठेल,
तात्या उठला की मोटर चालेल,
मोटर चालली की पाट वाहेल,
पाट वाहिला की बगळा येईल,
बगळा आला की म्हैस उठेल,
म्हैस उठली की बुट्टू सुटेल,
बुट्टू सुटला की आजोळ गाठू!"

तुळसाक्का म्हणाली, "नाही बाई उकळायचा. डबा बघ, गूळ संपलाय. ह्यांना साखरेचा चहा चालत नाही, भांडं आपटतात. गूळ मिळेल, तर उकळीन."

गूळ! गूळ कुठं असतो? सांगितलंय मघाशी. गुऱ्हाळात!

तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. चिचुंद्री पळत सुटली. मागं पोरं फरफट फरफट. शेपटी एकानंही सोडली नाही. शाबास!

गुऱ्हाळात गुळाच्या ढेपांची रास. राशीमागं बीळ. बिळाच्या दारात म्हातारी चिचुंद्री. नाक आणखी लांब, मिशा पांढऱ्या.

"आई, ए आई, गूळ दे की!
गूळ मिळाला की चहा उकळेल,
चहा उकळला की तात्या उठेल,
तात्या उठला की मोटर चालेल,
मोटर चालली की पाट वाहेल,
पाट वाहिला की बगळा येईल,
बगळा आला की म्हैस उठेल,
म्हैस उठली की बुट्टू सुटेल,
बुट्टू सुटला की आजोळ गाठू!"

आजी म्हणाली, "अगं येडे, आजोळातच उभी आहेस की!"

चिचुंद्री म्हणाली, "एक पोर मागं राहिलंय, आई. मी अजून पोचले नाही."

आता आजी काय म्हणाली असेल? आधी हे कर? आधी ते आण? छट्! आजीनं गुळाचा खडा उचलला आणि म्हणाली, "चल!"

आजोबा आतून ओरडले, "माझे गुडघे दुखतात! मी कशाला येऊ?"

"मग बसा," आजी म्हणाली.

"बसतो कशाला? आलो!"

निघाली गाडी उलटी. सगळ्यांत पुढं आजी, दातात गूळ. मग आई, ठमी, घोटू, रंगी. सगळ्यांत मागं आजोबा. त्यांना दात नव्हते. त्यांनी रंगीची शेपटी हिरड्यांत धरली.

तुरुतुरु, तुरुतुरु!

आजीनं गूळ दिला. तुळसाक्कानं चहा उकळला. बुडबुड बुडबुड!
चहा उकळला, तात्या उठला. बशीतून प्यायला. फुर्र फुर्र! गेला आणि बटण दाबलं. टक!
तात्या उठला, मोटर चालली. घूंऽऽ घूंऽऽ!
मोटर चालली, पाट वाहिला. खळखळ खळखळ!
पाट वाहिला, बगळा आला. पाय गार, चोच तयार. टिच टिच, टिच टिच!
बगळा आला, म्हैस उठली. हुंऽऽब!
म्हैस उठली, आणि खड्ड्यातून...

टुण्णकन! बुट्टू बाहेर!

म्हैस खाली बघते तर एवढंसं पोर. "अगंबाई," ती म्हणाली, "चुकलं माझं. बघून बसायला हवं होतं."

बुट्टूच्या नाकाला माती, मिशांना माती. त्यानं समोर बघितलं. एक नवीन म्हातारी. एक नवीन म्हातारा.

"आलं का आजोळ?"

"आलं रे माझ्या राजा," आजी म्हणाली. "तुझ्यापाशी चालत आलं." आणि तिनं त्याला नाकापासून शेपटीपर्यंत चाटून काढलं.

तिकडून तुळसाक्का आली. उरलेल्या गुळातला एक तुकडा तिनं बांधावर ठेवला. "घे गं चिचुंद्रे. तुझ्यामुळं आज चहा झाला आमच्याकडे." पोरांनी तुकडा खाल्ला. मिशा चिकट झाल्या.

मग परत गुऱ्हाळाकडे निघायचं. आजोबा म्हणाले, "ह्याला मागं ठेवू नका. पुन्हा तोंड उघडेल."

"मागं कोण ठेवतंय?" चिचुंद्री म्हणाली. "हा पुढं चालेल."

सगळ्यांत पुढं बुट्टू. पुढच्याचं तोंड मोकळं असतं. विचार बाबा, किती विचारायचं ते! त्याच्यामागं आई, तिच्यामागं ठमी, घोटू, रंगी, आजोबा. आजी बाजूनं वाट दाखवायला.

तुरुतुरु, तुरुतुरु. "आलं का आजोळ?"
तुरुतुरु, तुरुतुरु. "आलं का आजोळ?"
तुरुतुरु, तुरुतुरु. "आलं का आजोळ?"

आईच्या तोंडात त्याची शेपटी. ती आपली "उं उं" म्हणत राहिली, पार गुऱ्हाळ येईपर्यंत.

संपली. चला, बसा गाडीत. आणि नाक्यावर पिठाची गिरणी लागेल, तिथं गाडी थांबवायला सांगा. चिचुंद्रीची कुठं गोष्ट असते का, असं म्हणून तिथला एक जण भर पारावर मला हसला होता. त्याला ही अख्खी ऐकवा. एक ओळ गाळू नका. म्हशीलासुद्धा चुकलं म्हणता आलं. त्याला अजून येत नाही. नाव ध्यानात ठेवा. केरबा गिरणीवाला.