उंबऱ्याजवळची मेणबत्ती

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर मला सांगणाऱ्यालाही साल ठाऊक नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. गोष्टीला साल विचारत बसलं की गोष्ट रुसते.

एका उंच डोंगरावर एक गाव होतं. तीन बाजूंनी कडे, चौथ्या बाजूनं खाली उतरायची पायवाट. कड्यांवर मधमाश्यांची मोहोळं लटकत, त्यामुळे गावात मध भरपूर आणि मेण त्याहून भरपूर. त्या गावात ठकूबाई नावाची एक बाई राहायची. साऱ्या गावाच्या मेणबत्त्या तीच करायची. मोहोळाचं मेण पाण्यात उकळायचं, फडक्यातून गाळायचं, त्यात सुताची वात बुडवायची, निववायची, पुन्हा बुडवायची. एकेका मेणबत्तीला तीस तीस वेळा. हात असा बसलेला की वात कधी मधून सरकायची नाही. निदान ती स्वतः तसं म्हणायची, आणि चांगलं मोठ्यानं म्हणायची.

आता त्या गावाची रीत ऐका. दरवर्षी भाताची कापणी झाली की एका सकाळी सगळं गाव देवीच्या देवळात जमायचं. प्रत्येक घरानं आपल्यापुढे एक मेणबत्ती लावायची आणि ती निम्मी होईपर्यंत गप्प बसायचं. मेणबत्ती चहूबाजूंनी सारखी जळाली, तर त्या घरातली मनं सरळ. एका अंगानं वितळली, मेण एकाच बाजूनं ओघळलं, तर त्या घरात वाकडेपणा. याला ते देवीचा कौल म्हणायचे. एक वर्ष वाकडी जळाली तर त्या घरचं कुणी पाणी प्यायचं नाही. दुसऱ्या वर्षीही वाकडी, तर त्या घराशी सोयरीक नाही. आणि लागोपाठ तिसऱ्या वर्षी वाकडी जळाली, की घर मोकळं करायचं आणि पायवाटेनं डोंगर उतरायचा.

तुम्ही म्हणाल, वाऱ्यानंही जळेल की वाकडी! ते काही खुळे नव्हते हो. कौलाच्या दिवशी देवळाचं दार आतून घट्ट लावून घ्यायचे. वारा नाही, मग कौल खरा, असा त्यांचा हिशेब.

ठकूबाईला ही रीत फार मानवलेली. का, ते ती कुणाला सांगायची नाही, पण मी सांगतो. दुसऱ्या कुठल्याही गावात मेणबत्ती वाकडी जळाली तर लोक मेणबत्तीवालीला चार शब्द सुनावतात. इथं तसं नव्हतं. कुणी तक्रार घेऊन आलं की ही कमरेवर हात ठेवून विचारायची, "मेण माझं, वात माझी, पण मन कुणाचं?" की समोरचा मान खाली घालून परत. तीस वर्षांत बाईला एक उणा शब्द ऐकावा लागला नव्हता.

त्या वर्षी कौलाच्या आठ दिवस आधी धुरपा तिच्या दारात आली. धुरपा तीन वर्षांपूर्वी दोन लहान मुलींना घेऊन गावात राहायला आली होती. नवरा वारलेला. दुसऱ्यांची दळणं दळून पोट भरायची. तिची मेणबत्ती दोन्ही वर्षं वाकडी जळाली होती. हे तिसरं वर्ष.

"ठकूकाकी," ती म्हणाली, "यंदा एक चांगली बघून द्याल का?"

"माझ्या सगळ्याच चांगल्या असतात," ठकूबाई म्हणाली. "माणूस चांगलं पाहिजे."

धुरपा निघून गेली नाही. उंबऱ्यापाशी खाली बसली. म्हणाली, "तेच विचारायला आले. माझं काय चुकतंय ते तुम्ही सांगा, मी सुधारीन. मी पुष्कळ शोधलं. लग्नात जावेशी भांडले होते, तिला निरोप पाठवून माफी मागितली. एकदा दळणात मूठभर जोंधळे कमी आले होते, ते मी घेतले नव्हते, जात्यात अडकले होते, तरी भरून दिले. मुलींवर ओरडायचं सोडलं. अजून काय वाकडं आहे, मला दिसत नाही हो काकी. तुम्ही शहाण्या आहात. सांगा की!"

तीस वर्षं ठकूबाई लोकांना मन तपासायला सांगत आली होती. इतकं कसून तपासून आलेलं कुणी तिनं पाहिलं नव्हतं. आणि या बाईकडे बघताना तिलाही काही वाकडं दिसेना. तिला स्वतःचाच राग आला, म्हणून ती धुरपावरच खेकसली, "ऊठ आता! देईन चांगली."

आणि दिली. त्या एका मेणबत्तीसाठी तिनं मेण तीनदा गाळलं. सूत स्वतः कातलं. तीसऐवजी चाळीस वेळा बुडवली. खिडकीपाशी धरून, एक डोळा मिटून, वर-खाली पाहिली. इतकी सरळ मेणबत्ती तिनं जन्मात केली नव्हती.

कौलाची सकाळ उजाडली. देवळात बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. जे घर गावात आधी आलं ते गाभाऱ्यापाशी, जे मागून आलं ते दाराकडे. सगळ्यांत आत थोरले मानकरी, ज्यांना सगळे तात्या म्हणत. ठकूबाईचं घर गावातलं चौथं, म्हणजे तीही आतच. आणि अगदी शेवटी, उंबऱ्याला लागून, धुरपा आणि तिच्या दोन मुली. दार लागलं. मेणबत्त्या पेटल्या.

ठकूबाई देवीकडे बघतच नव्हती. मान वळवून तिचं सगळं लक्ष उंबऱ्याकडे. पहिलं बोटभर मेण नीट जळालं. मग ज्योत जराशी कलली. मग कललीच. आतल्या बाजूची मेणाची कड खचली आणि तिथून मेण ओघळायला लागलं. धाकटी मुलगी आईला बिलगली.

छे, हे होणंच शक्य नाही! ती मेणबत्ती वाकडी जळूच शकत नाही!

मेणबत्त्या निम्म्या झाल्या. तात्या उठले. माणूस दुष्ट नव्हता हं. "धुरपा," ते म्हणाले, "तिसरं वर्ष आहे, बाई. मी काय करू? कौल देवीचा आहे. उद्या सकाळी निघावं लागेल."

धुरपानं थोरलीच्या डोक्यावरून पदर ओढला आणि उठायला लागली.

आता ठकूबाईला नुसतं गप्प बसायचं होतं. बाकी काहीच करायला नको होतं. तिची मेणबत्ती, तिचं नाव, तिचा तोरा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. पण तिच्याच्यानं बसवेना.

"थांबा!" ती ओरडली. "ती मेणबत्ती मी केलीय."

"सगळ्याच तू करतेस," तात्या म्हणाले. "म्हणजे खोट तुझ्या मेणबत्तीत आहे म्हणतेस?"

ठकूबाईचे कान तापले. "असेल," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली. "कापून बघा."

एकानं प्रसादाची विळी आणली आणि उंबऱ्याजवळच मेणबत्ती विझवून उभी चिरली. सगळे माना पुढे काढून बघायला लागले. वात कशी? बरोबर मधोमध, खालपासून वरपर्यंत. मेणात खडा नाही की कचरा नाही.

"झालं तर!" मागून कुणीतरी म्हणालं. "मेण चोख, वात चोख. राहिली कोण? बाई!"

बघा, वाचवायला गेली आणि उलट धुरपाचा दोष पक्का करून बसली. ठकूबाईला रडूच फुटलं. चिरलेले तुकडे उचलायला म्हणून ती उंबऱ्याजवळ खाली बसली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं. आणि तिच्या लक्षात आलं, की उजवा गाल गार पडलाय. डावा नाही. फक्त उजवा.

तिनं हात पुढे केला. दाराची लाकडी चौकट आणि भिंतीचा दगड यांच्यामध्ये, अगदी खाली, बोटभर फट होती. तिच्यातून दरीतला वारा सुरीच्या पात्यासारखा आत येत होता. उभ्या माणसाला काही कळू नये, बसलेल्यालाच लागावा, असा.

"धुरपा," तिनं हळूच विचारलं, "तुला इथं गार लागत नाही का गं?"

"लागतं की," धुरपा म्हणाली. "मला वाटायचं, भीतीनं अंग गार पडतंय."

ठकूबाईला एकेक आठवायला लागलं. धुरपाच्या आधी या जागेवर कोण बसायचं? दोरखंड वळणारा होता एक, बायको-मुलांसकट. तिसऱ्या वर्षी गेला. त्याच्या आधी? कुंभाराचं घर. तेही तिसऱ्या वर्षी गेलं. त्याच्याही आधी शिंप्याचं. सगळी मागून आलेली माणसं. गाव म्हणायचं, नवी माणसं मेली वाकडीच असतात. आणि प्रत्येकापुढे मेणबत्ती होती ती हिच्याच हातची, आणि प्रत्येकाला तिनं एकच प्रश्न विचारला होता.

ती उठली आणि सरळ तात्यांपुढे जाऊन उभी राहिली. "तात्या, तुमची मेणबत्ती घेऊन इकडे येऊन बसा."

"मी? माझा कौल झालाय."

"देवी गाभाऱ्यात तीच आणि उंबऱ्यापाशी तीच ना? मग बसायला काय हरकत आहे?"

लोक कुजबुजले. तात्यांना नाही म्हणणं जड गेलं. त्यांनी आपली जळती मेणबत्ती उचलली, चहूबाजूंनी सारखी जळालेली, आणि उंबऱ्यापाशी येऊन खाली मांडी घातली. दोन भाकऱ्या भाजून होतील एवढा वेळ गेला. तात्यांची ज्योत कलली. आतली कड खचली. मेण ओघळून जमिनीवर आलं.

"अगं बाई!" कुणीतरी पुटपुटलं. "तात्यांचं मन वाकडं?"

"गप्प बसा!" ठकूबाई कडाडली. "तात्यांचं मन सरळ आहे. धुरपाचंही सरळ आहे. ज्योतीला वारा जिकडे लोटील तिकडे ती झुकते, आणि जिकडे झुकते तिकडचं मेण आधी वितळतं. त्यात मेणाचा काय गुन्हा? इतकी वर्षं मेणाशी खेळतेय मी, मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. माझ्या सोयीचं नव्हतं ना!"

तिनं पदराचा बोळा फटीत कोंबला, तरी जराशी झुळूक येतच होती. मग तात्यांची मेणबत्ती हळूच फिरवली, उंच राहिलेली कड ज्योतीकडे आणली आणि दोन्ही तळव्यांचा आडोसा धरला. सगळं गाव बघत राहिलं. उंच कड हळूहळू खाली आली, कडा सारख्या झाल्या, ज्योत ताठ उभी राहिली.

तात्यांनी धुरपाकडे पाहून हात जोडले. "पोरी, घर सोडायचं नाहीस तू," ते म्हणाले. "आणि आज माझ्या घरी जेवायला यायचं. तिघींनी. त्याआधी मी तुझ्या घरचं पाणी पिणार."

धुरपा तेव्हा कुठे रडली. इतका वेळ बिचारी रडलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी गवंड्यानं ती फट चुन्यानं भरली. कौलाची रीत गावानं मोडली नाही, पण बदलली. मेणबत्त्या अजून लावतात, पण मनं तपासायला नाही. ज्याची वाकडी जळेल त्याच्या शेजारच्यानं उठायचं, वारा कुठून येतो ते बघायचं आणि हाताचा आडोसा धरायचा. जागा दरवर्षी बदलतात. एका वर्षी तात्या दाराशी, एका वर्षी धुरपा गाभाऱ्यापाशी. ठकूबाई आता मेणबत्ती देताना गिऱ्हाईकाला बजावते, वात लांब वाढू देऊ नका, झोतात ठेवू नका, सपाट जागी ठेवा, आणि कललीच तर फुंकर मारून टाकून देऊ नका, फिरवा.

आणि तात्या? त्यांनी काठी घेतली आणि स्वतः डोंगर उतरले. दोरखंड वळणारा सापडला नाही, पुष्कळ शोधला. कुंभाराची मुलं भेटली, ती परत आली. शिंप्याघरची म्हातारी खालच्या एका गावात शिवण घेऊन बसली होती. तिनं तात्यांचं सगळं ऐकून घेतलं, हातातली सुई न थांबवता.

"तात्या," ती म्हणाली, "एवढ्या वर्षांनी मी सरळ झाले होय?"

तात्यांनी मान खाली घातली. "तू सरळच होतीस," ते म्हणाले. "फट आमच्या दाराला होती."

म्हातारीनं सुई खोचून ठेवली आणि गाठोडं बांधायला घेतलं.

तात्पर्य: कुणी एका अंगानं ढळताना दिसलं, तर त्याला बोल लावण्याआधी तो बसलाय तिथं आपण बसून बघावं, वारा कुठून येतो ते.