डब्याचा पहिला प्रश्न

"मग अडलंय कुठं, वस्ताद? गाडी सोडायची का नाही?"

धैर्यशीलचा आवाज चढला होता. दस्तगीर वस्ताद स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

मी समोरच्या लेथवर होतो. ऐकू येत होतं, म्हणून ऐकलं.

गाडी रविवारच्या घाटातल्या शर्यतीची. धैर्यशीलनं एकट्यानं तयार केलेली पहिलीच. कंपनीचा ईसीयू काढून त्यानं बाहेरचा बसवला होता. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा डबा. गडी कोइमतूरला जाऊन शिकून आलेला, हुशार, त्यात वादच नाही. फक्त अंगात रग जरा जास्त. पण वस्तादांनी हो म्हटल्याशिवाय आमच्या वर्कशॉपातून गाडी बाहेर पडत नाही, आणि वस्ताद तीन दिवस गप्प होते.

"चालू कर," ते म्हणाले.

इंजिन एका सेल्फमध्ये लागलं. काय सुरेख चाललं म्हणून सांगू! माझाच हात थांबला.

"बघा! आहे काही खोट?"

"न्हाई."

"मग?"

"बंद कर. ह्या डब्यानं तुला पहिलं काय विचारलं?"

"विचारलं म्हणजे... सेटिंगचं पहिलं पान. इंधनाचे गुण. घनता किती, किलोभर पेट्रोल जळायला हवा किती किलो लागते..."

"तू काय सांगितलंस?"

"चौदा पॉइंट सात. पुस्तकात तेच आहे. सगळे तेच भरतात."

"आन् गाडी गुमान चालली?"

धैर्यशील घुटमळला.

"नाही. पेट्रोल कमी पडत होतं. मग डब्यात कुठल्या वेगाला किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता असतो, त्यातला एकेक आकडा वाढवत गेलो. सगळीकडं आठ-नऊ टक्के. तीन दिवस गेले, पण बसवलं ना!"

वस्ताद उठले. फळीवरची मापाची काचनळी काढली. दहाच्या खुणेपर्यंत पाणी घातलं, त्यात थेंबभर निळी शाई. वर शंभरच्या खुणेपर्यंत त्याच गाडीच्या टाकीतलं पेट्रोल. अंगठ्यानं तोंड दाबून नळी चांगली हलवली आणि टेबलावर उभी केली.

दोघं बघत राहिले...

निळं पाणी हळूहळू खाली बसलं. दहावर नव्हतं. अठ्ठावीसवर होतं.

"इथेनॉल," धैर्यशील पुटपुटला. "पेट्रोलात मिसळलेलं होतं, ते पाण्यात उतरलं. नव्वदात अठरा... वीस टक्के. ह्याला हवा कमी लागते. साडेतेरा भरायला पाहिजे होतं."

"म्हंजे पेट्रोल कमी पडत हुतं, का तू डब्याला खोटं सांगितलं हुतंस?"

"पण आता चालतंय ना, वस्ताद! तक्त्यात सगळं भरून काढलंय."

"रविवारी पेट्रोल कुणाचं?"

"शर्यतवाल्यांचं. तेच देणार. त्याचं काय..."

आणि तो थांबला. त्यांच्या पेट्रोलात इथेनॉल नसलं, तर हे वाढवलेले नऊ टक्के फुकट इंजिनात जाणार. चढावर काळा धूर, प्लग ओले, आणि त्याची पहिली गाडी दोरी बांधून खाली.

असा चेहरा पडला गड्याचा की मला भरून आलं. तो तिथंच टायरवर बसला.

"तीन दिवस तुम्ही बघत होता. सांगितलं का नाही, वस्ताद?"

"जेवत न्हवतास, झोपत न्हवतास. लेका, एवढा जीव लावून कुणी चुकाया लागलं तर मधी कसं बोलायचं?"

धैर्यशीलला हसू आलं, डोळेही भरले. वस्तादांनी उरलेला चहा बशीत ओतून त्याच्यापुढं धरला.

"घे. आन् ते नऊ टक्के काढ सगळे."

मीही लेथ बंद करून जवळ जाऊन बसलो. धैर्यशीलनं पहिल्या पानावर साडेतेरा भरले आणि तक्त्यात चढवलेलं एकेक करून उतरवलं. दुपारी इंजिन पुन्हा लागलं. अगदी सकाळसारखंच चाललं.

"वस्ताद, तिथं गेल्यावर पहिल्या पानावरचा तेवढा एकच आकडा परत बदलावा लागेल. किती भरायचा, ते... तुम्ही याल ना?"

वस्तादांनी काचनळी फडक्यानं पुसली, कागदात गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली.

"बाटलीभर पाणी तेवढं घेऊन जा."