सहा पायांची तांबडी

त्या डोंगरातले सगळे प्राणी तांबडी पीत, आणि प्यायलेली तांबडी चांगली होती की नाही, हे माशीला विचारत.

तांबडी म्हणजे काळ्या द्राक्षांचे, लाकडी पिंपात मुरवलेले आसव. ते पारखण्याची रीत अशी, की माशीने पेल्याच्या काठावर बसायचे आणि आसवाला पाय लावायचे. बरे वाटले तर दोन, फार आवडले तर चार. सहा पाय आजवर कोणालाच मिळाले नव्हते, कारण सहाही पाय टेकायचे तर काठ सोडावा लागे. पाय मोजायला पंच म्हणून रानडुक्कर असे. त्याला मोजता सहापर्यंतच येत होते, पण या कामाला तेवढे पुरे होते. तासाभरापूर्वी माशी कशावर बसून आली, हे विचारण्याची पद्धत नव्हती. माशी जगते जेमतेम वीस दिवस. एक मेली की दुसरी येऊन काठावर बसे. तरी सगळे तिला बाईसाहेबच म्हणत आणि बाईसाहेबांच्या प्रदीर्घ अनुभवाबद्दल आदराने बोलत.

धोंडोजी कासवाला या प्रकाराचा मनापासून तिटकारा होता. तो बोलून दाखवत नसे, कारण त्याचे एक वाक्य पुरे होईपर्यंत ऐकणारे घरी जाऊन जेवून येत. डोंगरातली एकुलती एक गार गुहा त्याच्याकडे होती आणि तिथे तो बापाच्या पद्धतीने तांबडी मुरवी. पहिली दहा वर्षे ती जिभेला चिमटे काढी. तुरट, आडमुठी, कोणाशी जुळवून घ्यायला तयार नाही. विसाव्या वर्षी तिचा राग ओसरू लागे. तिसाव्या वर्षी तिचा रंग भाजलेल्या विटेसारखा होई, आणि पेला नाकाशी नेला की वाळलेला पाला, जुने चामडे, सुकलेली फुले असे एकामागून एक काहीतरी भेटत राही. एक पेला संपायला धोंडोजीला अख्खी दुपार लागे.

माशांच्या कोणत्याही पिढीने या तांबडीला एकाहून जास्त पाय दिले नव्हते.

शेजारच्या उतारावर गुलछबू नावाचे उदमांजर राही. ते महिनाभरात तांबडी तयार करी. काकवी ओतायची, नव्या लाकडाचा भुसा टाकायचा, रंग शाईसारखा दाट करायचा. त्याला दर वेळी चार पाय मिळत. प्राणी ती पीत, दुसऱ्या दिवशी डोके धरून बसत आणि कण्हता कण्हता सांगत की चार पायांची होती. या गुलछबूनेच पंचांच्या कानात सांगितले की गार गुहा एका पायाच्या तांबडीसाठी अडवून ठेवणे बरे दिसत नाही. पंचांना ते लगेच पटले. येत्या पौर्णिमेच्या सकाळी धोंडोजीने पारख करून घ्यावी, चार पाय न पडल्यास गुहा गुलछबूला द्यावी, असे ठरले. बाहेरच्या उन्हात पिंपे आठवड्याभरात आंबली असती, आणि त्यांबरोबर बापाची तीस वर्षेही.

आदल्या दिवशी, गुहा आपलीच झाली या खात्रीने उदार होऊन, गुलछबू येऊन म्हणाले, "धोंडोजी, वाटीभर काकवी घाला की. कुणाला कळतंय?"

"मला," धोंडोजी म्हणाला. तोवर गुलछबू टेकडीपलीकडे पोहोचले होते, जाताना काकवीचे मडके मात्र दारात ठेवून. धोंडोजी त्या मडक्याकडे बराच वेळ पाहत बसला. मग त्याने ते कलंडून टाकले.

पौर्णिमेच्या सकाळी त्याने बापाने भरलेले शेवटचे पिंप उघडले. सगळा डोंगर अंतर राखून उभा राहिला. बाईसाहेब आल्या. त्यांचा तो एकोणिसावा दिवस होता आणि पंखांच्या चिंध्या झाल्या होत्या. त्यांनी एक पाय बुडवला, झटकन मागे घेतला आणि म्हणाल्या, "तुरट. जुनाट."

हे एकट्या धोंडोजीने ऐकले, कारण त्याची मान पेल्याला लागून होती. मग बाईसाहेबांनी पुढचे दोन पाय एकमेकांवर चोळले, त्यांना हुडहुडी भरली, आणि वयोमानाप्रमाणे मरून त्या पेल्यात पडल्या.

रानडुक्कर पुढे आले. त्याने वाकून मोजले आणि खात्रीसाठी पुन्हा मोजले.

"सहा!" ते ओरडले. "सहाच्या सहा पाय!"

डोंगर दणाणला. बाईसाहेबांनी या तांबडीवरून जीव ओवाळून टाकला, असे म्हणत गुलछबूनेही डोळे पुसले. धोंडोजीने तोंड उघडले. "त्या... म्हणाल्या..." इतके बोलून होते तोच त्याची नजर गुहेतल्या पिंपांकडे गेली. आपल्या वेगाने का होईना, त्याला खरे सांगता आले असते. मान आत ओढून घ्यायला मात्र त्याला अजिबात वेळ लागला नाही. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि गुहा वाचल्याचा आनंदही झाला. आनंद जास्त होता.

गुलछबूच्या प्रत्येक पिंपात त्याच आठवड्यापासून एक मेलेली माशी तरंगू लागली.

पुढच्या हंगामात एक साळिंदर तीन डोंगर ओलांडून धोंडोजीकडे आले. सहा पायांची तांबडी प्यायची म्हणून त्याने वर्षभर दुसऱ्या कशाला तोंड लावले नव्हते. धोंडोजीने त्याला बापाच्या पिंपातला पेला भरून दिला. साळिंदराने तो उजेडात धरला, वरून पाहिले, खालून पाहिले आणि त्याचा चेहरा पडला.

"बाईसाहेब दिसत नाहीत?"

धोंडोजीने मागच्या द्रोणातली एक मेलेली माशी उचलून पेल्यात सोडली. साळिंदराने तिचे पाय नीट मोजले. मग ती दोन नखांत धरून बाहेर काढली, तोंडात टाकली आणि डोळे मिटून सावकाश चघळली.

"वा! काय मुरलीय!" ते म्हणाले, आणि पेल्यातली तांबडी जमिनीवर ओतून रिकामा पेला त्याने धोंडोजीच्या हातात परत दिला.