समुद्रापलीकडचा कुत्रा आणि साळू

समुद्राला खेटून एक जंगल होते आणि तिथल्या एका बिळात एक साळू एकटीच राहत होती. साळू म्हणजे अंगभर लांब काटे असलेले साळिंदर, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तिची पिल्ले मोठी होऊन आपापली बिळे खणून निघून गेली होती आणि रिकामे बीळ तिला खायला उठे. त्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी एक कासवीण दूरच्या बेटावरून निराधार प्राणी पाठीवर घालून आणी आणि चांगले घर पाहून देई. त्या वर्षी तिने एक लहानखुरा कुत्रा आणला. देण्याआधी तिने बिळाची कसून तपासणी केली. "मागे दुसरी वाट आहे का? पावसाचं पाणी शिरतं का? आवाज चढवून बोलता का?" साळूने सगळी उत्तरे नीट दिली. काट्यांबद्दल मात्र कासविणीने काही विचारले नाही, कारण ते समोर दिसतच होते. चौकशीतून नेहमी समोर दिसणारीच गोष्ट राहून जाते.

आता कुत्र्याचे ऐका. त्याच्या बेटावर कुत्री पकडणारे लोक साखळ्या घेऊन येत. साखळी खळखळली की गल्लीतले एक कुत्रे कमी होई. त्याची आई तशीच गेली, मग भाऊ. आणि इकडे साळू चालू लागली की तिच्या शेपटीचे पोकळ काटे एकमेकांवर आपटून अगदी तसाच आवाज करीत. पहिल्याच दिवशी ती मायेने "ये रे बाळा, आत ये" म्हणत पुढे आली आणि कुत्रा करवंदीच्या जाळीत असा घुसला, की पाठीवरचे निम्मे केस काट्यांनाच राहिले. ती समजूत घालायला जितकी जवळ जाई, तितका खळखळाट वाढे. तिचे गोड शब्द त्याच्यापर्यंत पोचतच नसत. तो जाळीत अंग चोरून थरथरत बसे.

शेजाऱ्यांना अर्थातच या प्रकरणात रस होता.

"मावशी, एवढ्या लांबून मागवलंत, आणि भुंकतसुद्धा नाही," कावळा फांदीवरून म्हणाला.

"परदेशी आहे तो," कोल्हा म्हणाला. "माझा चुलता नुसता पलीकडच्या डोंगरावर जाऊन आला, तर वर्षभर कोणाशी बोलेना."

"टोमणे नंतर मारा," साळू म्हणाली. "हा उघड्यावर निजतो. त्याला बिळात कसा आणू, तेवढं सांगा."

"कान धरून ओढा," कोल्हा म्हणाला.

"नाहीतर उपाशी ठेवा. पण घाई करा," कावळा म्हणाला. "बिबट्या ओढ्यापर्यंत आलाय. परवा वाडीतली दोन कुत्री नेली. त्याला कुत्र्यासारखं दुसरं काही आवडत नाही." पाहुण्याला जेवणात काय आवडते ते सांगावे, तसे त्याने हे सांगितले.

जाळीत कुत्र्याने सगळे ऐकले. बाहेर बिबट्या आणि बिळात साखळी. बिबट्या त्याने अजून पाहिलेला नव्हता, म्हणून त्याने बिबट्या पत्करला.

बिबट्या तिसऱ्या दिवशी, ऊन कलल्यावर आला. आधी पाखरे गप्प झाली. कोल्ह्याला एकाएकी कुठेतरी काम निघाले आणि कावळा दोन फांद्या वर सरकला. मग जाळीबाहेर एक ठिपक्यांचा पाय अलगद टेकला. कुत्र्याला ओरडावेसे वाटले, पण बेटावर ओरडणारा आधी सापडे, म्हणून त्याने तोंड मिटूनच ठेवले. पंजा आत आला. नखांनी त्याच्या पुढ्यातली माती उकरली. एवढ्यात तो आवाज आला. खळ्ळ, खळ्ळ. कुत्र्याने डोळे मिटले. आता दोघे मिळून नेणार.

आवाज जवळ आला आणि त्याच्या व बिबट्याच्या मधोमध थांबला. त्याने एक डोळा उघडला. साळू सगळे काटे उभे करून, बिबट्याकडे पाठ करून उभी होती. त्यामुळे तिचे तोंड त्याच्या तोंडासमोर आले होते. इतक्या जवळून त्याने ते कधीच पाहिले नव्हते. तिचे दात वाजत होते. मान लटपटत होती, पाय लटपटत होते आणि म्हणूनच काटे एवढे खळखळत होते. तो जसा थरथरे, तशीच ती थरथरत होती.

"मला फार भीती वाटतेय रे," ती पुटपुटली. "तू जा आत. मी येते मागून."

बिबट्याने पंजा मारला आणि एक काटा पंजात घेऊन तो कळवळत मागे सरला. तेवढ्या वेळात कुत्रा जाळीतून सुटला, त्या आवाजाला अंग घासून बिळात शिरला. साळू मागोमाग आत घुसली आणि तिच्या उभ्या काट्यांचेच दाराला झाकण बसले.

बिबट्या बराच वेळ दार उकरत होता. साळू थरथरत होती आणि काटे वाजत होते. कुत्रा ऐकत होता. वाजतेय तोवर दार बंद आहे, एवढे त्याला कळले होते. शेवटी कंटाळून बिबट्या लंगडत निघून गेला. दमलेली साळू तिथेच निजली आणि बिळात शांतता पसरली. कुत्रा दचकून उठला. त्याने तिला नाकाने हळूच ढोसले आणि या जंगलात आल्यापासूनचे पहिले शब्द बोलला.

"मावशी, अजून थोडं वाजवा ना."

तात्पर्य : भेदरलेल्या जिवाला धीर द्यायला निर्भय असावे लागत नाही, आपल्या भीतीसकट त्याच्या आणि संकटाच्या मध्ये उभे राहावे लागते. नुसता सल्लाच द्यायचा असेल, तर उंच फांदी पुरते.