केतकीच्या पाठीवरची तीन पांघरुणं

एका राज्यात, जिथे पाखरं बोलत आणि माणसं फारसं ऐकत नसत, विजयकेतू नावाचा राजा होता. त्याचा कायदा मोठा कडक: मेल्या माणसाचा देह अखंडच चितेवर चढायचा, कुणी हात लावायचा नाही.

एके दिवशी त्याच्या लेकीने, केतकीने, तळघरातला शापित हंडा उघडला. आतून जाळ उठला आणि पोरीची पाठ होरपळून निघाली. काही केल्या जखम भरेना. राजाचा जीव टांगणीला लागला.

तेव्हा खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला. म्हणाला, "राजा, तिच्या पाठीवर तीन पांघरुणं घाल. पहिलं पाण्यातलं, दुसरं परक्याचं, तिसरं तिचं स्वतःचं. तिसरं धरलं, की शाप सुटला."

पहिलं सोपं होतं. तुंगा वैदिणीने तळ्यातल्या माशाची कातडी शुद्ध करून पाठीवर अंथरली. ठणका थांबला, पण सातव्या दिवशी ती सुटून आली.

"आता माणसाची हवी," तुंगा म्हणाली. "नुकत्याच गेलेल्याची. तीही कायमची टिकायची नाही, पण पोरीच्या अंगात बळ येईतो जखम झाकेल."

त्याच सकाळी भैरू कुंभार वारला होता. राजा तुंगाला घेऊन अनवाणी त्याच्या दारी गेला. पण मागणार कुठल्या तोंडाने? कायदा त्याचाच ना!

भैरूची बायको गोजरा म्हणाली, "महाराज, गेल्या साली माझं लेकरू भट्टीत भाजलं. तुंगाबाई हेच मागत दुसऱ्या कुणाच्या चितेपाशी गेल्या होत्या. तुमच्या शिपायांनी हाकललं. लेकरू गेलं माझं."

राजाची मान खाली गेली. "मी चुकलो, माय."

"चुकलात," गोजरा म्हणाली. मग डोळे पुसून तुंगाकडे वळली. "घ्या. चेहरा तेवढा राहू द्या, मला बघायचाय."

"पाठीचा, मांड्यांचा पातळ पापुद्रा घेते. धोतर-उपरणं घातलं की दिसायचंही नाही."

त्या पांघरुणाखाली केतकी सावरली, पेज पिऊ लागली. मग तिच्याच मांडीचा पापुद्रा काढायची वेळ आली.

"दुखेल हो, बाळ," तुंगा म्हणाली.

"दुखू दे. घ्या."

पाचव्या दिवशी पट्टी सोडली. कातडी गुलाबी होती आणि धरली होती! तळघरातला हंडा गारठला. राजा लहान पोरासारखा रडला, आणि कायदा रद्द केल्याची दवंडी त्याने स्वतः फिरून पिटली.

पुढे राजा म्हातारा होऊन वारला. चिता रचून तयार होती. केतकीने ती थांबवली आणि तुंगाला आत, राजाच्या देहापाशी नेलं. त्या दिवशी कुंभारवाड्यात भट्टीत भाजलेलं एक पोर होतं. ते वाचलं.