शेवाळासाठी दुसरी जागा

एकदा बंदराच्या एका गावात एका लाकूडव्यापाऱ्याने आपल्या दिवाणखान्यात समुद्र आणून ठेवला. समुद्र म्हणजे चार फूट लांबीची काचेची टाकी. तीत खारे पाणी, खडकांची लहानशी रास, राशीवर समुद्रफूल नावाचा फुलासारखा दिसणारा गुलाबी जीव आणि त्या फुलाच्या लांब बोटांत घर करून राहणारी केशरी माशांची जोडी. व्यापाऱ्याची आई वारल्यापासून त्याचे वडील, तात्या, घराबाहेर पडत नव्हते, कुणाशी फारसे बोलतही नव्हते. त्यांच्या दृष्टीसमोर काहीतरी हलते-फिरते असावे, एवढाच टाकी आणण्यामागचा हेतू होता, आणि तो साधलाही. तात्या सकाळी उठून खुर्ची टाकीपुढे ओढू लागले. माशांशी का होईना, दोन शब्द बोलू लागले.

टाकीची निगा उल्काकडे होती. उल्का पंचविशीतली मुलगी. बंदरावरच्या मत्स्यालयात तीस वर्षे खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळलेल्या जयरामकाकांजवळ ती दोन वर्षे हे काम शिकत होती. स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेले हे तिचे पहिलेच घर.

चौथ्या महिन्यात खडकांवर शेवाळ धरले. आधी नुसती हिरवी झाक, मग केसांसारखे तंतू, मग लांब झिपऱ्या. उल्काने ब्रशने घासून काढले. आठ दिवसांत ते परत आले. हाताने उपटले, परत आले. पाण्यात औषध घातले, टाकीवर तीन दिवस काळे कापड टाकून अंधार केला. कापड काढल्यावर आठवडाभर बरे वाटले आणि मग पहिल्याहून दाट उगवले. आता ते समुद्रफुलाच्या बुडाशी पोचले होते. फूल दिवसातला निम्मा वेळ मिटून बसे आणि बेघर झालेले मासे कोपऱ्यात पाण्याच्या नळीमागे दडत.

"उल्काबाई," लाकूडव्यापारी शेटजी एके दिवशी म्हणाले, "मी मासे बघायला टाकी घेतली होती, तुम्ही त्यात कुरण लावलंत. पाहुणे विचारतात, ह्यात म्हैस कधी सोडणार?"

उल्का मान खाली घालून ब्रश धुवू लागली.

"महिनाअखेरपर्यंत वाट बघतो. नाहीतर टाकी उचला आणि मासे ज्याला हवेत त्याला देऊन टाका. तात्यांना मी मोठा टीव्ही आणून देतो."

तात्यांनी ते ऐकले. काचेवर टेकलेला त्यांचा हात तसाच राहिला. उल्काला तो हात घरी पोचेपर्यंत दिसत होता.

संध्याकाळी तिने जयरामकाकांना सगळे सांगितले.

"घासलंस?" त्यांनी विचारले.

"रोज."

"रोज घासून रोज येतं, म्हणजे ते तुझ्या ब्रशाला भीत नाही गो. उद्या येतो मी."

दुसऱ्या दिवशी काका आले ते नेमके जेवणाच्या वेळी. टाकीकडे त्यांनी एकदा ओझरते पाहिले आणि सरळ पानावर बसले. शेटजींच्या पत्नीने आमटी-भात वाढला. उल्का मनातून चरफडत होती. एकेक दिवस मोलाचा आणि ह्यांना जेवण सुचते आहे!

तेवढ्यात तात्यांनी जेवायला सुरुवात करण्यापूर्वी तूपभाताचा एक घास बाजूला काढला. त्यांच्या पत्नीने आयुष्यभर पाळलेली ती रीत होती. पहिला घास बाहेरच्या जिवासाठी. जुन्या घरी गाय होती, कावळे होते. इथे चौथ्या मजल्यावर गाय कुठली, आणि गॅलरीला कबुतरे येऊ नयेत म्हणून जाळी लावलेली. तात्या उठले, टाकीपाशी गेले आणि तो घास त्यांनी हळूच पाण्यात सोडला. माशांनी तोंड लावले नाही. शिते एकेक करून खडकांच्या मागे उतरली आणि दिसेनाशी झाली.

उल्काने बोलायला तोंड उघडले.

"वहिनी, आमटी फर्मास झालीय. अजून वाढा बघू जरा, आणि उल्कालाही वाढा, तिचं तोंड रिकामं आहे," काका घाईघाईने म्हणाले.

जिना उतरताना मात्र तिला राहवले नाही. "काका, पाहिलंत ना? मी वरून शेवाळ उपटतेय आणि हे खालून खत घालतायत! आत्ताच्या आत्ता शेटजींना सांगते."

"सांग. मग काय होईल?"

"शेटजी तात्यांना बजावतील."

"बरं. मग?"

"मग तात्या घास टाकायचं बंद करतील."

"की टाकीजवळ यायचं बंद करतील?"

उल्का पायरीवरच थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ओहोटीच्या वेळी खडकांवर जाऊन आले. त्यांच्या एका हातात काचेची जुनी पेटी होती आणि दुसऱ्या हातात गळती पिशवी. पिशवीतून त्यांनी बाहेर काय काढावे? मूठभर हिरवेगार, ताजे शेवाळ!

शेटजींनी कपाळावर हात मारला. "अहो काका, आहे ते काय कमी पडलं?"

"कमी नाही, फक्त चुकीच्या जागी आहे," काका म्हणाले आणि कामाला लागले.

पेटी त्यांनी टाकीला लागून ठेवली. लहानशा पंपाने टाकीतले पाणी पेटीत यावे आणि फिरून टाकीत जावे, अशी नळी जोडली. पेटीत आणलेले शेवाळ सोडले. टाकीवरचा दिवा दिवसाला सहाच तास ठेवला आणि पेटीवर त्याहून प्रखर दिवा सकाळपासून निजेपर्यंत. खडकांमागचा गाळ नळीने ओढून काढायला उल्काला सांगितले. कुजलेली शिते वर आली तेव्हा तात्या बघत होते. काकांनी बादलीवर फडके टाकले.

मग काका तात्यांकडे वळले. "तात्या, ही पेटी तुमच्या ताब्यात. ह्यात रोज जेवढं वाढेल तेवढं दुपारी जेवणाआधी खुडायचं, गोड्या पाण्यात धुवायचं आणि खाली कुंपणाशी माड आहेत त्यांच्या मुळाशी घालायचं. उल्काला वेळ नाही, माझे गुडघे गेले."

"मी खाली जात नाही," तात्या म्हणाले.

"मग माडांना तसं कळवतो."

तात्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले.

"आणि गेलातच, तर घासही घेऊन जा. कुंपणावर कावळे बसलेले असतात. माशांना तूप सोसत नाही हो."

त्या दुपारी तात्या हातात वाटी घेऊन दारात बराच वेळ उभे होते. नुसते शेवाळ असते तर ते कदाचित फिरले असते. पण घास काढून झाला होता, आणि काढलेला घास घरात ठेवायचा नाही. त्यांनी चपला घातल्या. उल्काने गॅलरीतून पाहिले. त्यांनी घास कुंपणावर ठेवला, दोन पावले मागे सरले, आणि कावळा शेवटचे शीत टिपून जाईपर्यंत उन्हात तसेच उभे राहिले.

पंधरा दिवस गेले. पेटीतले शेवाळ माजले, पण टाकीतलेही होते तसेच होते. उल्काचा धीर सुटत चालला. "काका, घासू का एकदा?"

काका तिला म्हणाले, "थांब जरा. हे बघ, शेवाळ काही वैरी नव्हे. पाण्यात उरलेलं अन्न असलं की ते खायला कुणीतरी येणारच. तू खाणाऱ्याला हाकलत होतीस. अन्न जिथल्या तिथे होतं. आपण त्याला दुसरी, अधिक उजेडाची जागा दिली. आता अन्न तिकडे जातंय आणि रोज तात्यांच्या हाताने घराबाहेर पडतंय. इकडचं आपोआप उपाशी पडेल. वेळ लागेल, एवढंच."

त्यांनी पेटीतला एक तंतू बोटावर घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "तात्यांच्या हातातला घास तसाच. तीही काही वाईट गोष्ट नव्हती. ज्या माणसाला सबंध आयुष्य कुणालातरी घालून जेवायची सवय, त्याला नुसतं 'घालू नका' म्हणून कसं चालेल? माया अडवली तर ती मुरते आणि नासते. तिला वाट करून द्यावी लागते."

उल्काने ब्रश खाली ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात खडकावरचे तंतू फिके पडले आणि बोट लावताच सुटून येऊ लागले. महिनाअखेरीला शेटजी टाकीपुढे येऊन उभे राहिले तेव्हा समुद्रफूल पूर्ण उमलले होते आणि दोन्ही मासे त्यात लोळत होते.

"मागच्या बाजूला अजून थोडं हिरवं आहे, शेटजी," उल्का प्रामाणिकपणे म्हणाली. "जायला आणखी दोन-तीन आठवडे लागतील."

शेटजींचे लक्ष तिच्याकडे नव्हते. ते रिकाम्या खुर्चीकडे पाहत होते. "तात्या कुठे आहेत?"

उत्तर खालूनच आले. तात्या कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला मोठ्या आवाजात सुनावत होते, "अहो, मी दिलेलं शेवाळ असं तसंच घालायचं नसतं! आधी धुवायचं! मीठ मुळाला लागलं म्हणजे?" शेजारी हसून काहीतरी म्हणाला. मग तात्याही हसले.

शेटजी गॅलरीच्या जाळीशी गेले आणि पुष्कळ वेळ ऐकत राहिले. परत येऊन त्यांनी रिकामी खुर्ची टाकीपुढे नीट ठेवली.

"असू दे," ते म्हणाले. "दोन-तीन आठवडे लागू देत. टाकी इथून हलणार नाही."

आणि चपला पायात सरकवून तेही जिना उतरू लागले.

आपल्या घरातही नकोसे असे काही वारंवार उगवत असेल, तर ते उपटण्याआधी क्षणभर थांबून पाहावे, कुणाच्या कोणत्या मायेवर ते पोसले जात आहे, आणि त्या मायेला आपण आणखी कुठे जागा करून देऊ शकतो.