न संपणारे अंगण

फार पूर्वी शालिपूर नगरीवर पृथुसेन राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व जमीन मोजणाऱ्यांच्या कुळात जन्मले होते. त्यांचे नाव धरणीमित्र. खांद्यावर अंबाडीच्या दोराचे वेटोळे आणि हातात बांबूची काठी घेऊन ते फिरत. कुणाचा बांध कुठे संपतो हे त्यांनी एकदा सांगितले, की पुन्हा कुणी विचारीत नसे.

लोकांच्या जमिनी मोजता मोजता त्यांचे केस पिकले, पण स्वतःची म्हणून जागा झाली नाही. नगराच्या तटाला टेकून काढलेल्या एका पडवीत ते आणि त्यांची पत्नी उत्पला राहत. दाराबाहेर पाऊल टाकले की रहदारी. उत्पलेने धान वाळत घातले तर त्यावरून बैल जात. सडा शिंपडायला तिला तळहाताएवढी भुई नव्हती. तिच्या मनात मात्र एक अंगण होते. दुपारी जरा डोळा लागला की ते तिला दिसे. त्यात पारिजातक असे, खाली पांढरी फुले पडलेली असत, आणि ती त्यातून चालत असे. चालून चालून ते अंगण संपत नसे. जागी झाली की ती हसे आणि पुन्हा कामाला लागे.

पुढे नगरात माणूस मावेना. वळचणीला वळचण भिडली. राजाने ठरवले, उत्तर दरवाजाबाहेरचा माळ तळ्यापर्यंत नव्या वस्तीला द्यावा. तो माळ वाळत टाकलेल्या उपरण्यासारखा लांबट होता. एका अंगाला खोल घळ होती. दुसऱ्या अंगाला मृगवन होते. तिथल्या हरणांना राजाच्या वडिलांनी अभय दिले होते, म्हणून त्या वनात माणसाने पाऊल टाकायचे नाही अशी आज्ञा होती.

राजाने धरणीमित्रांना बोलावले आणि सांगितले, "वाटे तुम्ही घाला. त्यांतला एक तुमचाही असू द्या."

त्या देशाची रीत अशी, की वाटे घालणाऱ्याने आपला वाटा सर्वांच्या शेवटी उचलायचा. त्यामुळे दोर वाकडा पडत नाही.

धरणीमित्रांनी आधी मृगवनाच्या कडेने, दरवाजापासून तळ्यापर्यंत, राखेने एक गाडीवाट आखली. उरलेल्या जमिनीचे, घर आणि शेत मावेल असे, एकामागे एक वाटे पाडले. लोक बघायला आले. त्यांत पिंगळ नावाचा तेलाचा व्यापारी होता.

"ही पट्टी कुणाची?" त्याने विचारले.

"चालणाऱ्याची."

"त्याचं नाव सांगा की. आमच्या तोंडचा घास घेणारा हा चालणारा आम्हालाही बघू दे."

लोक हसले. मग सगळे मिळून राजाकडे गेले. राजा तरुण होता, मऊ मनाचा होता. कुणाला नाही म्हणणे त्याच्या जिवावर येई. तो म्हणाला, "सगळी जमीन वाटून टाका. शेजारी शेजाऱ्याला वाट देईलच."

धरणीमित्र म्हणाले, "महाराज, माणूस नुसता राहत नाही, तो येतो-जातोही."

पण राजाचा शब्द पडला होता. त्यांनी राखेची रेघ पायाने पुसली आणि पुन्हा दोर टाकला. सर्वांना सारखी जमीन आली. कुणाचा कुठला वाटा हे ठरवायला शलाका काढल्या. पिंगळाला दरवाजालगतचा वाटा मिळाला. सर्वांचे उचलून झाल्यावर उरला तो तळ्याकाठचा.

उत्पला पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा पाण्यावर धुके होते. हरणे वनाच्या कडेला येऊन तिच्याकडे बघत उभी राहिली. आपण झोपेत आहोत की काय, असे तिला वाटले. तिने मृगवनाच्या बाजूला पारिजातकाचे रोप लावले आणि ओंजळीने पाणी घातले.

घरे अजून उठायची होती. लोकांनी खोपटी घातली, पण त्याआधी बोरीच्या काट्यांची कुंपणे घातली. नगरातून घागर घेऊन निघालेल्या बाईला तळ्यापर्यंत प्रत्येक फाटकाशी "येऊ का?" म्हणावे लागे. पिंगळ म्हणे, "आज नको, तीळ वाळत टाकलेत." त्याची म्हातारी आई मुलाची पाठ वळली की हळूच फाटक उघडी आणि बायकांना म्हणे, "जा गं, लवकर जा. ओरडला तर मी बहिरी आहे."

ती म्हातारी एके दिवशी गेली.

मसणवट तळ्यापलीकडे होती. लोकांचा समज होता, की ज्या शेतातून तिरडी जाते त्या शेतात वर्षभर नांगर घालायचा नाही. पिंगळ आईला खांद्यावर घेऊन पहिल्या कुंपणाशी आला. पलीकडे शेजारी हात जोडून उभा होता.

"पिंगळदादा, ती आम्हालाही आईच होती. पण वर्षभर पोरांना काय खाऊ घालू?"

त्याच्यामागच्या वाट्यांचे धनीही माना खाली घालून उभे होते. घळ उतरता येण्यासारखी नव्हती. वनाला आज्ञा होती. तिरडी खाली ठेवता येत नाही. खांदेकरी खांदे बदलू लागले आणि ऊन कलू लागले. पिंगळाने धरणीमित्रांकडे बघितले.

धरणीमित्र म्हणाले, "सगळ्यांच्या खुंट्या तळ्याकडे सरकवू. वनाच्या कडेने वाट सुटेल. रुंदीत जेवढं जाईल तेवढं लांबीत मिळेल. कुणाचं तसूभरही कमी होणार नाही. आणि वाट म्हणजे शेत नव्हे. वाटेला सुतक लागत नाही."

"सरकत सरकत शेवटचा वाटा कुठं जाईल?" कुणीतरी विचारले. "तळ्यात?"

"तो माझा आहे," धरणीमित्र म्हणाले, आणि त्यांनी उत्पलेकडे पाहिले.

उत्पलेला सगळे कळले. तिला धुके दिसले, हरणे दिसली, ओंजळीतले पाणी दिसले.

"अन् माझं अंगण?" ती म्हणाली.

धरणीमित्रांना देता येण्यासारखे होते ते त्यांनी दिले होते. तिचे तिनेच द्यायचे होते. उत्पलेने तिरडीकडे पाहिले. पांढऱ्या केसांची एक बट वाऱ्याने हलत होती. हळूच फाटक उघडणारा हात आता झाकलेला होता.

ती पुढे झाली. "उभे काय राहिलात? दोराचं दुसरं टोक द्या इकडं."

पुढे दोर चालला, मागून माणसे कुंपणे उपटीत चालली, आणि त्यांच्या मागून म्हातारी. ज्यांनी नाही म्हटले होते त्यांनीही खांदा दिला. तळ्याकाठी आल्यावर पिंगळ खांदेकऱ्यांना म्हणाला, "जरा बाजूनं. रोप आहे."

राजाच्या कानी गेले तसा तो आला, आणि वाटेच्या तोंडाशी रथातून उतरून चालू लागला. म्हणाला, "धरणीमित्र, चूक माझी. मृगवनातला एक तुकडा घ्या."

"तिथं हरणं राहतात, महाराज. त्यांना विचारावं लागेल."

राजा पायीच परत फिरला.

दोघे पुन्हा पडवीत राहू लागले. पारिजातक वाटेच्या कडेला वाढला. उत्पला रोज उजाडता तिथे जाई, झाडाखालची भुई झाडी, सडा शिंपडी, रांगोळी काढी. येणारे-जाणारे रांगोळीला वळसा घालून जात. एके सकाळी धुके होते आणि फुले पडत होती. ती तिथून चालत निघाली. दोन्हीकडे माणसे उठत होती, बायका घागरी घेऊन येत होत्या, कुणी तिला हाक मारीत होते. चालता चालता तिने ते अंगण ओळखले.

विहारात आसनांसाठी भुई वाटून घेताना भिक्षूंनी दारापर्यंत जायला जागाच ठेवली नाही आणि एक वृद्ध भिक्षू आतच अडकला, तेव्हा भगवान शास्त्यांनी ही कथा सांगितली. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पिंगळ म्हणजे आज दाराशी आसन पसरणारा भिक्षू. तेव्हाची त्याची आई म्हणजे आत अडकलेला हा वृद्ध. राजा म्हणजे आनंद. उत्पला म्हणजे राहुलमाता. आणि धरणीमित्र मीच होतो."

दाराजवळच्या भिक्षूने उठून आपले आसन गुंडाळले. वृद्ध भिक्षू काठी टेकीत बाहेर गेला.

ही दानपारमिता होय.